उरलेलं पांढरं

पोर्तुगीज गोड करायला घेण्याआधी पांढऱ्या बलकांची सोय लावून ठेवावी. साखर, मैदा, दूध घरात असतंच. पण तिकडच्या कृतींत सहा बलक, आठ बलक, कधी डझनभर बलक असं बिनदिक्कत लिहिलेलं असतं, आणि तेही नुसते पिवळे. पांढऱ्यांचं काय करायचं, त्यावर कृती गप्प.

ज्यांनी त्या रचल्या त्यांना ही अडचणच नव्हती. पोर्तुगालमधली बरीचशी मिठाई मठांतली. झग्यांना खळ करायला आणि वाइन नितळ करायला पांढरे बलक वापरत, मागे पिवळ्यांचा ढीग उरे, असं सांगतात. साखर आधी पोर्तुगालच्या मदेरा बेटावरून आणि पुढे ब्राझीलहून येऊ लागली. मग काय! १८३४ साली तिथल्या सरकारनं मठ बंद केले. लिस्बनच्या बेलेंमधल्या जेरोनिमुश मठाची कृती बाहेर पडली आणि १८३७ पासून तिथल्याच एका दुकानात ते कस्टर्डचे टार्ट मिळू लागले. दुकान आजही चालू आहे, कृती आजही गुपित आहे.

त्यांचे बाकी सगळीकडचे भाऊबंद म्हणजे पाश्तेल द नाता. हे घरी जमतात, पण ओव्हन असेल नसेल तेवढा तापवावा लागतो. माझा २५० अंशांवर जाऊन थांबतो, त्यामुळे वरचे काळे डाग जरा फिकेच येतात. लोणी घालून लाटलेल्या पिठाची वळकटी करायची, चकत्या कापायच्या, आणि ओल्या अंगठ्यानं एकेक चकती साच्यात मधून काठाकडे दाबत न्यायची. आत भरायच्या कस्टर्डच्या पाकात दालचिनी आणि लिंबाची साल पडली की अंड्याच्या वासाबद्दलची सासूबाईंची तक्रार निम्म्यावर येते. पातेलं मात्र वेगळंच, रॅकच्या सगळ्यात खालच्या कप्प्यातलं.

आवेरू गावचे ओवुश मोलिश तर साखरेचा पाक आणि बलक, बस्स. लाडवांचा पाक ज्याच्या हातात बसलाय त्याला निम्मं काम येतंच. पाक जरा निवू द्यायचा, बलक घालायचे आणि मंद आचेवर ढवळत राहायचं. घाई केली की गोड भुर्जी. तिकडे हे सारण पातळ वेफरच्या शिंपल्यांत आणि माशांत भरतात. मी वाटीतून चमच्यानं खाते.

बेबिंकाही याच घराण्यातली, गोव्यात नारळाच्या दुधात रमलेली. एक थर ओतायचा, वरून आच देऊन भाजायचा, मग त्यावर पुढचा. पूर्वी झाकणावर निखारे ठेवत, आता ओव्हनचं ग्रिल. माझा उत्साह चौथ्या थराला संपतो आणि उरलेलं पीठ एकदमच ओतलं जातं. त्यातही पुन्हा पिवळेच बलक.

सासूबाई मनापासून खातात तो मदेराचा बोलु दु काकु, कारण त्यात अंडं नाही. उकडून कुस्करलेलं रताळं मैद्यात घालून, यीस्टनं फुगवून, जाड चपटा पाव करायचा. तिकडे तो तापलेल्या बसाल्टच्या लादीवर भाजत, आपला भाकरीचा तवा चालतो. गरम असतानाच मधून चिरून लसणीचं लोणी लावायचं. एकादशीबाहेर रताळ्याला एवढा मान मी दुसरीकडे पाहिला नाही.

उरलेले पांढरे बलक डब्यात भरून जिमला जाणाऱ्या भाच्याकडे जातात. मठात खळ, आमच्याकडे दंड. पण परीक्षा आली की त्याची जिम बंद आणि फ्रिजमध्ये डबे साठतात. त्यावर पोर्तुगीजांकडेच उपाय सापडला: पुदीं मोलोतोफ. नुसते पांढरे बलक साखर घालून ताठ फेटायचे, कॅरॅमल लावलेल्या साच्यात भाजायचे. ढगासारखं हलकं, भरपूर बलक खपवणारं. खुशीत कृती शेवटपर्यंत वाचली. वाढताना वरून ओतायला सॉस हवा. तो पिवळ्या बलकांचा.