आंबलेल्या दुधाचा वास

पहाटे सव्वापाचला सांडपाण्याच्या प्लांटवरून रात्रपाळीच्या काकांचा फोन. "मॅडम, इनलेटला आंबलेल्या दुधाचा वास मारतोय. पाणीपण पांढुरकं दिसतंय." अर्धवट झोपेत मी विचारलं, "डीओ किती?"
"खाली चाललाय. तुम्ही निघाच."

मैलापाण्यात हवा सोडतात ती एरेशन टाकी. तिच्यात विरघळलेला ऑक्सिजन, म्हणजे डीओ, लिटरला २ मिलिग्रॅमच्या आसपास राहिला की मैला खाणारे जिवाणू निवांत असतात. मी पोचले तेव्हा मीटरवर ०.३ होतं आणि हवा फुंकणारे दोन्ही ब्लोअर जीव तोडून घुमत होते. हवा रोजचीच होती, खाणारं पोट अचानक वाढलं होतं. इनलेटचा सामू (पीएच) ५.१. एरवी तो सातच्या आसपास असतो.

चीज केल्यावर उरते ती निवळी कुणीतरी रात्री गटारात सोडली होती, याबद्दल मला फारशी शंका राहिली नाही. बीओडी म्हणजे पाण्यातली घाण खाताना जिवाणूंना लागणारा ऑक्सिजन. घरगुती सांडपाण्याचा बीओडी लिटरला २००-३०० मिलिग्रॅम असतो, निवळीचा ४०,००० च्या घरात. १०,००० लिटरचा एक टँकर म्हणजे ४०० किलो बीओडी, साधारण ७,००० माणसांचा दिवसभराचा भार. छोट्या गावाच्या प्लांटवर रातोरात दुसरं गाव येऊन बसल्यासारखं.

आता बीओडी मोजायला २० अंशांवर ५ दिवस लागतात. नमुना बाटलीत भरला खरा, पण त्या रिपोर्टची वाट बघत बसले असते तर तोवर सगळा गाळ, म्हणजे आमचे जिवाणूच, नदीत गेला असता. आणि त्या दिवसांत नदी अशी आटलेली की खाली जाणाऱ्या पाण्यात निम्मं आमचंच.

येणारं पाणी साठवून हळूहळू सोडायच्या समतोल टाकीकडे वळवलं. चुना घातला, रिटर्न स्लज, म्हणजे एरेशन टाकीत परत सोडायचा गाळ, वाढवला. तिसरा, राखीव ब्लोअर कित्येक महिने चालवलाच नव्हता. पट्टा किंचाळला, काकांनी शिवी हासडली आणि तो सुरू झाला. (राखीव यंत्र दर आठवड्याला फिरवायचं असतं. ते आमच्या वहीत लिहिलेलंही होतं.)

मग मायक्रोस्कोप. आमच्या टाकीत वॉर्टिसेला भरपूर असतात. देठावर उलटी घंटा. काठावरच्या केसांनी पाण्यात भोवरा करून खाणार, जरा धक्का लागला की देठ स्प्रिंगसारखा आकसणार. रोज सकाळी त्यांना बघितल्याशिवाय मला चैन पडत नाही. त्या दिवशी काचेवर नुसते देठ होते. ऑक्सिजन संपला की घंटा सुटून पोहत निघून जाते. लिटरभराच्या नळकांड्यात गाळ अर्ध्या तासात बसला, पण वरचं पाणी गढूळच राहिलं.

दोन मदतनीस एकेक मॅनहोल उघडत वरच्या बाजूला गेले. त्यातला एक वास घ्यायला आत वाकला, तेव्हा मी त्याला कॉलर धरून मागे ओढला. गटारातला विषारी वायू, हायड्रोजन सल्फाइड, साधारण १०० पीपीएमला पोचला की नाकच बधिर होतं. वास गेला म्हणजे वायू गेला असं समजणारे आत राहतात. सातव्या मॅनहोलचं झाकण तिरकं बसलेलं, शेजारच्या ओल्या मातीत जाड चाकांचे ठसे, कडेला पांढरी साय वाळलेली. टँकर कुणाचा, ते शेवटपर्यंत कळलं नाही. तक्रार दिली, फाइल झाली.

रात्री नऊला डीओ १.१. चौथ्या दिवशी काचेवर पहिली घंटा दिसली, तेव्हा मी काकांना हाक मारून दाखवली. त्यांनी एक डोळा मिटून बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "हा तर जेवतोय."

त्या पहाटेच्या नमुन्याचा रिपोर्ट नंतर आला. आकडा लिहायला लॉगबुक उघडलं, तर शेऱ्याच्या रकान्यात काकांच्या अक्षरात 'आंबलेल्या दुधाचा वास, पहाटे ५.१०' असं होतं. ते ओशाळून म्हणाले, "मॅडम, हे खोडू का? बरोबर शब्द लिहा तुम्ही."

मी आकडा त्याच्या खाली लिहिला.