आतल्या बाजूला उघडणारं दार

डी-४ म्हणजे पाठीच्या भागातल्या मज्जारज्जूची चौथी पातळी, साधारण छातीच्या बोंडांची रेघ. माझ्या एका पेशंटचा मज्जारज्जू तिथे तुटलाय, त्या रेघेखाली त्याला काही कळत नाही, लघवी लागलेलीही नाही. हे आधीच सांगते, कारण त्या दिवसानंतर ज्याला ज्याला सांगितलं त्याने एकच विचारलं, "अहो, मग तो बोलला का नाही?"

बोलला होता. अकरा वाजता. "मॅडम, तिथं जमायचं नाही."

वय २४. मे महिन्यात आंबे उतरवायचा झेला घेऊन हापूसच्या कलमावर चढला आणि फांदी मोडली. चौघांनी हातपाय धरून उचलला, रिक्षात आडवा घातला. पडण्याने किती बिघडलं आणि उचलण्याने किती, हे आता कोणी सांगू शकणार नाही. त्याच्या चुलत्यांसमोर मी तो विषय काढत नाही. ऑपरेशन झालं, मग काही आठवडे मुंबईत हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत, आणि पुढचं सगळं माझ्याकडे, फिजिओथेरपीला.

नळीने लघवी काढायला तो मुंबईहून शिकून आला होता, पण पलंगावर, मागे उशा लावून. खुर्चीत जमेना. फिजिओथेरपी म्हणजे पाय हलवून देणं असा लोकांचा समज आहे, डॉक्टरांचासुद्धा. पोटाचे आणि पाठीचे स्नायू गेले की माणूस नुसता बसलेला दिसतो. खरं तर तो एका हातावर टेकलेला असतो. दोन्ही हात उचलले की पुढे कलंडतो. आणि नळी घालायला हात दोन लागतात. त्यासाठी कंबर सीटच्या कडेपर्यंत पुढे सरकवायची, पाठीला पोक काढून सगळा भार मागे सोडायचा आणि डावं कोपर खुर्चीच्या मागच्या दांड्याला अडकवायचं. तेवढा तोल सापडला की हळूच कोपर सोडवायचं. पाच आठवडे घालवले आम्ही यावर. ज्या दिवशी कपडे न भिजवता जमलं, त्या दिवशी मी सगळ्या डिपार्टमेंटला वडापाव दिला. तेव्हापासून साबणाच्या डबीत धुतलेली नळी आणि जागा बधिर करणाऱ्या झायलोकेन जेलीची ट्यूब कायम त्याच्या पिशवीत. दर चार तासांनी, आणि एका वेळी ५०० मिलीच्या वर साठू द्यायचं नाही.

त्या दिवशी दिव्यांग प्रमाणपत्राचं शिबिर होतं. तपासणाऱ्या डॉक्टरांचा बोर्ड दहाला बसायचा तो साडेबाराला बसला. त्याचा नंबर ६४. सकाळी सहाला लघवी काढून तो घरून निघालेला.

दिव्यांगांसाठीचं स्वच्छतागृह आमच्याकडे आहे. नवं आहे. रॅम्प आहे, स्टीलचे दांडे आहेत, दारावर निळी खुर्ची रंगवलेली आहे. फक्त दार आतल्या बाजूला उघडतं. खुर्ची आत गेली की दार लागत नाही. समोर शिबिराची रांग, रांगेत त्याच्या गावच्या बायका. आईने चादर धरते म्हटलं, त्याला ते नको होतं. हे सगळं मला नंतर कळलं. अकरा वाजता मी कुणाच्या तरी पायाला आधार देणाऱ्या कॅलिपरचा पट्टा बघत होते, मान वरसुद्धा केली नाही. "येईलच नंबर आता, घरी जाऊन कर," म्हणाले.

अडीचला त्याची आई धावत आली. "मॅडम, याचं तोंड बघा हो कसं झालंय!"

तोपर्यंत सिस्टरने त्याला स्ट्रेचरवर घेऊन पायाखाली उशा दिल्या होत्या. तिची चूक नाही, घेरी आलेल्याला असंच झोपवतात. तोंड लालबुंद, नाक चोंदलेलं, कपाळावर घामाच्या धारा. मी शर्टाची बटणं काढली. गळा आणि खांदे ओलेचिंब, आणि बोंडांच्या खाली पोट कोरडं, गार, फिकट. कुणी पट्टी लावून रेघ मारावी तसं. डोकं फुटतंय म्हणत होता. मेडिकल ऑफिसर डोकेदुखीचं इंजेक्शन लिहीत होते. "टेन्शन आहे हो, उन्हाचा बसलाय सकाळपासून."

"सर, बीपी बघा."

१९४/११२. नाडी ५२. एरवी त्याचं वरचं बीपी १०० च्या आसपास असतं.

भरलेल्या मूत्राशयाचा सांगावा मज्जारज्जूतून वर निघतो आणि तुटल्या जागी अडतो. खालच्या शरीरातल्या रक्तवाहिन्या मात्र त्याने आवळून जातात आणि बीपी चढतं. मेंदूला चढलेलं कळतं, तो हृदयाला सावकाश चल म्हणतो, ते पोचतं. वाहिन्यांना सैल व्हा म्हणतो, ते पोचत नाही. खरा इलाज एकच, कारण काढायचं. नाहीतर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. आणि अशा माणसाला आडवं केलं की बीपी आणखी चढतं.

मी विचारलं नाही कुणाला. त्याला उठवून बसवला, पाय खाली सोडले, पोटाचा पट्टा सोडला. "मॅडम, तुम्ही जरा—" असं मागून कोणी म्हणालं. आईने चादर धरली, आता तो काही बोलला नाही. त्याचे हात थरथरत होते म्हणून सिस्टरने नळी घातली; आधी जेली सोडून दोन मिनिटं थांबायला लावलं मी, त्या दोन मिनिटांसारखी मिनिटं माझ्या नोकरीत नाहीत. लिटरची पाण्याची बाटली गळ्यापर्यंत भरली. दहा मिनिटांत बीपी १२४/७६.

मेडिकल ऑफिसर शेजारी उभे राहून सगळं बघत होते. म्हणाले, "ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया ना? परीक्षेला वाचलं होतं, बघितलं नव्हतं." एवढं कबूल करणारे फार कमी भेटतात. इंजेक्शनचा कागद त्यांनी स्वतः फाडला.

तेवढ्यात शिपाई ओरडला, "चौसष्ट!" पेशंट स्वतः हजर पाहिजे, नाहीतर पुढच्या महिन्यात. पाठीला घाम, मांडीवर चादर, अशा अवस्थेत त्याला बोर्डासमोर नेला. तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, "अजिबात उभं राहता येत नाही का?"

दाराच्या बिजागऱ्या बदलून ते बाहेर उघडेल असं करा, असा अर्ज मी त्याच आठवड्यात दिला. सुताराचं अर्ध्या दिवसाचं काम. काम पूर्ण झाल्याचा दाखला ठेकेदाराला आधीच दिलेला असल्यामुळे आता नवं अंदाजपत्रक लागेल, असं उत्तर आलं. ते अंदाजपत्रक कुणी करायचं याचा पत्रव्यवहार चालू आहे.

तो दर बुधवारी येतो. दिवसाला दोन लिटर पाणी पी, असं मीच त्याला हजारदा बजावलंय. बुधवारी तो सकाळपासून पाणी पीत नाही. आईने मला हळूच सांगितलं.