निवृत्तीला सहा दिवस उरलेला कप्तान

येत्या 31 मे रोजी मी सेवानिवृत्त होत आहे. कामाच्या टेबलावरील दिनदर्शिकेत रोज सकाळी एक तारीख खोडण्याची सवय मला अलीकडे लागली आहे, आणि ती खोडताना दर वेळी कप्तान नेथन ब्रिटल्स आठवतो. म्हणून गेल्या रविवारी, तो ज्याचा नायक आहे तो, दिग्दर्शक जॉन फोर्ड यांचा 1949 सालचा ‘शी वोअर अ येलो रिबन’ हा अमेरिकी चित्रपट पुन्हा पाहिला.

काळ 1876 चा. लिटल बिगहॉर्नच्या लढाईत स्थानिक जमातींकडून अमेरिकी घोडदळाचा अधिकारी कस्टर याचा पाडाव झाल्याची बातमी सीमेवरच्या ठाण्यांवर पोहोचली आहे, आणि घोडदळात उभी हयात घालवलेल्या ब्रिटल्सच्या नोकरीचे सहा दिवस उरले आहेत. त्याच्यावर अखेरची कामगिरी सोपवली जाते, आणि ती फसते. वरिष्ठांच्या पत्नीला व भाचीला घोडागाडीच्या थांब्यापर्यंत सुखरूप पोहोचवायचे असते. पण तुकडीला उशीर होतो, थांबा जळून खाक झालेला दिसतो आणि सगळ्यांना माघारी फिरावे लागते. आयुष्यभर चोख काम केलेल्या माणसाने अपयश पदरी घेऊन निरोप घ्यावा, हे दुःख मला पूर्वी एवढे जाणवले नव्हते.

ब्रिटल्सची भूमिका करणारा जॉन वेन चित्रीकरणाच्या वेळी अवघा 41 वर्षांचा होता. पांढऱ्या केसांपेक्षा त्याच्या मंदावलेल्या हालचालींतून तो म्हातारा वाटतो. रांगेत उभे असलेले स्वार त्याला चांदीचे घड्याळ भेट देतात, तो प्रसंग पाहावा. घड्याळावर काहीतरी कोरलेले आहे, पण त्याला ते वाचता येत नाही. तो क्षणभर घुटमळतो, मग खिशातून चष्मा काढून, काहीसा ओशाळून, डोळ्यांवर चढवतो. आपल्याच माणसांसमोर चष्मा लावण्याचा तो संकोच वेनने असा दाखवला आहे की माझे डोळे भरून आले.

विन्टन हॉक यांना या चित्रपटाच्या रंगीत छायाचित्रणासाठी ऑस्कर मिळाले. अमेरिकेतील मॉन्युमेंट व्हॅलीच्या तांबड्या सुळक्यांवर वीज कडाडत असताना घोडे हाती धरून पायी चालणारी तुकडी, आणि चालत्या गाडीत जखमी जवानावर होणारी शस्त्रक्रिया, एवढ्यानेही ते सार्थ ठरते. मात्र स्थानिक जमातींना चित्रपट बहुतांशी एक धोका म्हणूनच पाहतो, ही उणीव मला आज अधिक खुपते. त्यातला वृद्ध सरदार मात्र मनात राहतो. ब्रिटल्स त्याला भेटायला जातो. दोघेही आता लढाईला फार म्हातारे झाले आहेत आणि लढाई थांबवणे हे म्हाताऱ्यांचेच काम आहे, असे त्यांचे बोलणे होते, पण तरुण योद्धे सरदाराचे ऐकत नाहीत. मग सेवाकाळ संपवणारी मध्यरात्र उलटण्यापूर्वी, त्याच घड्याळाकडे पाहत, ब्रिटल्स त्यांचे घोडे उधळून लावतो. घोड्यांवाचून लढाई होऊच शकत नाही, आणि रक्तपात टळतो.

पुढे त्याला नव्या नेमणुकीचे पत्र मिळते. ती सोय मला थोडी उपरी वाटते. मला भावते ते त्यानंतरचे: ठाण्यावर नृत्य रंगात आलेले असताना तो ‘आधी मला कळवायला जायचे आहे’ असे म्हणून बाहेर पडतो आणि एकटाच पत्नीच्या थडग्याकडे जातो. चित्रपटात आधीही तो तिथे, झाडांना पाणी घालत, दिवसभराची हकिगत तिला सांगत बसलेला असतो.