श्रमनिद्रा

‘वैद्यानां शारदी माता पिता च कुसुमाकरः’ हे वचन मला आजोबांनी, मी एम.बी.बी.एस.ला लागले त्या दिवशी, मुद्दाम ऐकवले होते. शरद ऋतू ही वैद्यांची आई आणि वसंत हा बाप, कारण ऋतू पालटताना माणसे आजारी पडतात आणि वैद्यांच्या घरची चूल पेटते, असा त्यातला चिमटा. तेव्हा मी नुसती हसले होते. आता मेडिसिनच्या तिसऱ्या वर्षाची निवासी डॉक्टर म्हणून सोलापुरातला तिसरा शरद पाहताना एवढेच म्हणावेसे वाटते, की ही आई वाढताना हात आखडत नाही, आणि पानातले संपले की नाही हेही पाहत नाही.

पाऊस परतलेला असतो, ऑक्टोबरचे ऊन पाठ भाजून काढते, आणि घरोघरच्या टाक्या, रांजण, कूलर, टायर यांत उरलेल्या स्वच्छ पाण्यात दिवसा चावणाऱ्या एडिस डासांची पैदास जोरात चालू असते. वॉर्ड तापाच्या रुग्णांनी भरून जातो. डेंग्यूची एक गंमत (गंमत हा शब्द डॉक्टरांनीच वापरावा, नातेवाइकांनी नव्हे) अशी की, ताप चढलेला असतो तेव्हा घरचे सगळे घाबरलेले असतात आणि तिसऱ्या ते सातव्या दिवसाच्या दरम्यान तो उतरला की सुटकेचा निःश्वास टाकून डिस्चार्ज मागू लागतात. आणि नेमके तेव्हाच आम्ही रक्तदाब वरचेवर पाहू लागतो, हिमॅटोक्रिट (रक्त किती दाट झाले ते सांगणारी तपासणी) पुन्हा पाठवतो, पोट दुखते का, उलट्या होतात का, हे दर फेरीला विचारत राहतो. रक्तवाहिन्यांतून द्रव पाझरण्याचा धोका ताप उतरतानाच असतो. पहिल्या वर्षाच्या मुलांना हे मी घोकून घेते. ते स्वतःलाही लागू पडते, हे मात्र मला कोणी शिकवले नव्हते.

माझ्या पहिल्या नवरात्रात मी ठणठणीत होते. नऊ दिवस घट बसलेले, बाहेर देवीची गाणी, आत सलाइनच्या बाटल्या, आणि मी या खाटेवरून त्या खाटेवर अशी काही पळत होते की आमच्या सरांनीही कौतुक केले. दसऱ्याला नर्सिंग स्टेशनवर एकमेकांना आपट्याचे सोने दिले, आणि दुसऱ्या दिवशी, एकादशीला, मला ऑफ मिळाला. वसतिगृहाच्या जिन्यात मधल्या वळणावर मी थांबले आणि मला आठवेना, की मी वर चालले होते की खाली. हातात बादली होती, तीही रिकामी. तिथेच पायरीवर बसून मी अर्धा तास रडले, आणि त्या रडण्याला काहीही कारण नव्हते. घरून आलेले फोन अकरा दिवस मी ‘नंतर करते’ म्हणत उचललेलेच नव्हते, हेही तेव्हाच लक्षात आले.

सोलापूरपासून तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर. तिथली भवानी नवरात्रभर महिषासुराशी झुंजते, आणि विजयादशमीनंतर सीमोल्लंघन झाले की मूर्ती सिंहासनावरून हलवून नगर जिल्ह्यातून मानाने आलेल्या पलंगावर निजवली जाते. कोजागरी पौर्णिमेपर्यंत ती निजलेली असते. वर्षात तिच्या तीन निद्रा आहेत: नवरात्रापूर्वीची घोरनिद्रा, दसऱ्यानंतरची श्रमनिद्रा आणि पौषातली मोहनिद्रा. यांतल्या मधल्या नावावर माझा फार जीव आहे. युद्ध जिंकल्यावर थकवा येतो, तो झोपूनच जातो आणि त्यात देवीपणाला कमीपणा नाही, हे ज्यांनी ठरवले त्यांना माणसाच्या शरीराची चांगली जाण असली पाहिजे. पलंगाचा थाटही पाहण्यासारखा. तिला कोणी ‘पाच मिनिटे ड्युटी रूममध्ये आडवी हो’ असे सांगत नाही.

आमच्या गावाचा डॉक्टर म्हणून ज्यांचे नाव जगाला ठाऊक आहे, ते द्वारकानाथ कोटणीस हेही शरदातलेच. जन्म १० ऑक्टोबर १९१०, सोलापूर. १९३८ मध्ये पाच भारतीय डॉक्टरांच्या पथकातून ते चीनला गेले, आणि एका लढाईत सलग ७२ तास न झोपता त्यांनी जखमींवर शस्त्रक्रिया केल्याचे सांगतात. भय्या चौकातल्या त्यांच्या स्मारकावरून जाताना मला तो आकडा हमखास आठवतो, कारण आम्हाला तो ऐकवला जातो. डिसेंबर १९४२ मध्ये ते गेले तेव्हा वय अवघे ३२ होते, हा दुसरा आकडा मात्र सहसा ऐकवला जात नाही. ते युद्ध होते, आणि त्यांच्या त्यागापुढे मान लवतेच. पण मंगळवारच्या नेहमीच्या ओपीडीनंतर कोणी ७२ तासांचा दाखला देऊ लागले, की मी विषय बदलते.

वैद्यकीय विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्यासाठी नेमलेल्या राष्ट्रीय कृतिदलाने २०२४ साली निवासी डॉक्टरांना आठवड्याला ७४ तासांपेक्षा अधिक काम नसावे आणि एक दिवस सुटी असावी, अशी शिफारस केली. आठवड्याचे तास १६८. म्हणजे ९४ तास आपले. हा हिशेब मी पहिल्यांदा केला तेव्हा श्रीमंत झाल्यासारखे वाटले, जसे कोजागरीच्या रात्री लक्ष्मी ‘को जागर्ति’ विचारत फिरते या समजुतीवर, वर्षातल्या कितीतरी रात्री जागणाऱ्या आम्हा मंडळींना वाटावे तसे. टेलि-मानस या मानसिक आरोग्याच्या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांकही मी ड्युटी रूमच्या आरशाला चिकटवून ठेवला आहे. तो चोवीस तास चालू असतो, मराठीतही बोलता येते, आणि ती सेवा सुरू झाली तीही १० ऑक्टोबरलाच, २०२२ साली. रुग्णांना तो क्रमांक देताना आमची जीभ अडखळत नाही. स्वतःसाठी फिरवायचा म्हटला की बोट अडते.

बाकी तब्येत सांभाळण्याचे शास्त्र मी वॉर्डातल्या मावशींकडून शिकले. “आवं मॅडम, आदी दोन घास खावा, पेशंट काय पळून चालला नाही,” असे म्हणून त्या माझ्या हातातला केस पेपर काढून घेतात. माझ्या कपाटात डबा असतो तो कडक भाकरीचा आणि शेंगा चटणीचा. ज्वारीची पातळ, पापडासारखी कुरकुरीत भाकरी पंधरा दिवस सहज टिकते. चटणी उखळात लसूण, लाल तिखट, जिरे, मीठ घालून शेंगदाण्याला तेल सुटेपर्यंत कुटलेली. गरम करायला नको, फ्रिज नको, वर थोडे दही मिळाले तर राजेशाही. चार मिनिटांत जेवण होते, मात्र भाकरी मोडण्याचा आवाज इतका मोठा येतो, की सगळ्या खोलीला कळते आणि तीन हात आपोआप पुढे येतात. एकटीने खाता न येणारे हे अन्न आहे, आणि माझ्या मते हाच त्याचा मोठा गुण.

घरच्यांशी बोलण्याचेही मी असेच लहान करून टाकले. रात्री तासभर निवांत बोलू म्हटले की ती रात्र उगवतच नाही. म्हणून राउंड संपवून पायऱ्या उतरताना बाबांना चाळीस सेकंदांचा आवाजी निरोप पाठवते. त्यात काही नसते. ‘आज भेंडी होती, पंखा दुरुस्त झाला.’ बाबाही तशीच बातमी परत पाठवतात, शेवटी ‘जेवलीस का’ असतेच, आणि त्याचे उत्तर दुसऱ्या दिवशीच्या निरोपात जाते.

या वर्षी ड्युटीची यादी करण्याचे काम माझ्याकडे आहे. पहिल्या वर्षाची नांदेडची मुलगी नवरात्रभर ठणठणीत होती, म्हणूनच मला तिची काळजी वाटू लागली. दसऱ्यानंतरच्या आठवड्यात तिला सलग दोन दिवस मोकळे मिळावेत म्हणून मी माझी एक रात्र पुढे घेतली. “मॅडम, ऑफला काय करू? थीसिसचं राहिलंय,” ती म्हणाली. मी म्हटले, “झोप.”

कोजागरीला तुळजापूर नाक्यावरून चालत निघालेल्या भाविकांपैकी पाय फुटलेले, उन्हाने चक्कर आलेले काहीजण रात्रभर येत राहिले. मसाला दुधाचे पातेले कोणीतरी नर्सिंग स्टेशनवर आणून ठेवले होते; त्यातला एक पेला वाटीने झाकून मी तिच्यासाठी बाजूला काढला. सकाळी, तिकडे देवी सिंहासनावर परतली असेल त्या सुमारास, माझा फोन वाजला. तिच्या आईचा होता. मुलीला वसतिगृहात सोडायला आल्या तेव्हा त्यांनी माझा नंबर घेऊन ठेवला होता.

“मॅडम, काल संध्याकाळपासून फोन उचलत नाही हो ती. बरी आहे ना?”

मी तिच्या खोलीचे दार हळूच लोटून पाहिले. पंखा चालू होता, ॲप्रन खुर्चीवर होता, आणि सोलापुरी चादरीतून फक्त एक पाय बाहेर आला होता.

“झोपली आहे, काकू,” मी म्हटले. “उठली की लगेच करायला लावते.”