विहिरीवरच्या रुळांना हाताने भोकं पाडली: रॅचेट ड्रिलचा माझा अनुभव

नाशिकच्या मखमलाबाद शिवारात मामांची विहीर आहे, तिच्यावर रेल्वेचे दोन जुने रूळ आडवे टाकलेत. नव्वद पौंडी रूळ, म्हणजे एका यार्डाला ९० पौंड, आपल्या हिशोबात मीटरला साधारण ४५ किलो. टोकं कठड्याच्या काँक्रीटमध्ये गाडलेली आणि दोन रुळांच्या मध्ये पावणेदोन फुटाच्या आसपास जागा. त्यावर एक चॅनेल नुसतं तारेने बांधलेलं होतं आणि त्याला चेन कुप्पी, म्हणजे साखळीची कप्पी, लावून मोटर वर काढायचे. प्रत्येक वेळी ते चॅनेल थोडं सरकायचं आणि खाली सबमर्सिबल, केबल, पाण्याने भरलेला पाईप असं सगळं लटकलेलं असताना ते सरकणं बघवत नाही. म्हणून ठरलं की रुळांच्या उभ्या भागाला, म्हणजे वेबला, आरपार भोकं पाडायची, अँगलचे तुकडे बोल्टने बसवायचे आणि चॅनेल त्यावर पक्कं करायचं. बोल्ट एम १६, भोकं १८ मिमीची.

वेल्डिंग का नाही हे सगळेच विचारतात. रुळाच्या पोलादात कार्बन भरपूर असतो, नीट तापवल्याशिवाय साधा रॉड मारला तर वेल्डच्या शेजारी पोलाद कडक होऊन तडा जायची भीती असते, आणि गॅसने भोक जाळलं तरी कडेला तीच गत. मोटरच्या वजनाखाली असा तडा नको. इलेक्ट्रिक ड्रिल मशीनचं म्हणाल तर १८ चं बिट हातातल्या मशीनवर रुळात घालायचं, तेही फळीवर उकिडवं बसून, खाली विहीर, आणि बिट पलीकडे निघताना अडकलं की मशीन मनगट पिळून टाकतं. मॅग्नेटवाली मशीन भाड्याने मिळते पण तिला बसायला सपाट रुंद जागा लागते, वेबवर वरून रुळाचं डोकं आडवं येतं. शिवाय शेतावरच्या लाईटचं वेळापत्रक काय असतं ते नाशिकच्या कुठल्याही शेतकऱ्याला विचारा.

आमच्या शेजारी अण्णा राहतात, रेल्वेतून फिटर म्हणून रिटायर झालेले. त्यांना सांगितलं तर त्यांनी एकच विचारलं, "दोन रुळात अंतर किती?" मी सांगितलं. "मग काय, रॅचेट लाव बाळा. समोरचा रूळच तुझा टेका." रुळांना फिशप्लेटची (दोन रूळ जोडणाऱ्या पट्टीची) भोकं याच हत्याराने पाडायचे असं ते म्हणाले, उघड्या लाईनीवर, जिथे वीज नाही की काही नाही.

हे हत्यार ज्यांनी बघितलं नाही त्यांच्यासाठी सांगतो. सुताराचा रॅचेट ब्रेस वेगळा, त्याला वर लाकडी मूठ असते आणि दाब छातीने द्यायचा. लोखंडकामाच्या रॅचेट ड्रिलला तसली मूठ नसते. मधे एक जाड स्पिंडल, त्यावर दातेरी चाक, चाकाभोवती दांड्याचं डोकं आणि त्यात स्प्रिंगवर बसलेला पॉल, म्हणजे दातात अडकणारी खीळ. खाली बिट बसायचं सॉकेट. आणि वरच्या टोकाला फीड स्क्रू, त्याच्या डोक्यावर कडक केलेला टोकदार शंकू. स्क्रूच्या टोपीला भोकं असतात, त्यात सळी घालून टोपी फिरवली की पूर्ण हत्यार लांब होतं. म्हणजे बिट जॉबवर, शंकू मागच्या टेक्यावर, आणि मधे स्क्रू ताणत न्यायचा. दांडा पुढे ओढला की बिट फिरतं, मागे नेला की पॉल दातांवरून कटकट करत सरकतो आणि बिट जागेवर राहतं.

मला हे अंबड-सातपूर लिंक रोडला एका भंगारवाल्याकडे सापडलं, गंजून पूर्ण जाम. आठवडाभर डिझेलमध्ये बुडवून ठेवलं, मधून मधून लाकडी हातोडीने ठोकत राहिलो, मग पिन निघाली. आतलं बघून खरंच आनंद झाला, इतकं साधं आणि इतकं विचारपूर्वक केलेलं काम. चाकाला फक्त १२ दात. बारा म्हणजे एका दाताला ३० अंश, त्यामुळे दांडा निदान ३० अंश तरी हलवावाच लागतो, अडचणीच्या जागी ते जास्त वाटतं. पण दात मोठे का ठेवले ते हिशोब केल्यावर कळतं. दांडा साधारण ३५० मिमी लांब, दातापर्यंतची त्रिज्या २५ मिमी, म्हणजे हाताने लावलेला जोर दातावर १४ पट होतो. बिट अडकलं की माणूस अंगाचा भार टाकतो, ५० किलो तरी होतो, की एका दातावर ७०० किलो. बारीक दाताचं चाक हे रोज सहन करणार नाही, आणि त्यात धूळ, चिपा, गंज असं सगळं जाणार हे धरूनच हे हत्यार बनवलेलं असतं. बारीक दातात एक चिप अडकली की पॉल अर्धवट बसतो आणि अर्धवट बसलेला पॉल निसटला की माणूस तोंडावर पडतो.

पॉलचा आकारही बघण्यासारखा आहे. ज्या बाजूने तो ढकलतो ती दाताची बाजू थोडी आत झुकलेली असते, त्यामुळे जोर वाढला की पॉल दातात आणखी आत ओढला जातो, बाहेर फेकला जात नाही. स्प्रिंगवर भार येतच नाही, ती फक्त पॉलला दाताला टेकवून ठेवते, सगळा जोर पॉलच्या अंगातून सरळ दांड्याच्या डोक्यात जातो. म्हणून स्प्रिंग मऊ असली तरी चालते पण पॉलची कड गोल झालेली चालत नाही. माझ्यातली गोल झाली होती. मग गाडीच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याच्या तुकड्यातून नवीन पॉल घासला, कानशीने, दातात बसवून परत परत बघत, काळा रंग लावून कुठे टेकतोय ते तपासत. चेहरा पूर्ण टेकायला लागला तेव्हा लाल करून तेलात पाणी दिलं, मग चकाकून परत हळूहळू तापवला आणि निळसर रंग चढला की थांबलो. चाकापेक्षा पॉल किंचित मऊच ठेवला, झिजायचं तर पॉलने झिजावं, चाक परत मिळायचं नाही. आणि आत ग्रीस भरलं नाही, ग्रीसमध्ये पॉल आळशी होतो आणि धूळ चिकटते, दोन थेंब तेल पुरतं.

सॉकेट जुन्या पद्धतीचं चौकोनी होतं, लोहाराने घडवलेली चपटी बिटं त्यात बसायची. मला ट्विस्ट ड्रिल, म्हणजे पिळाच्या खाचांचं नेहमीचं बिट, वापरायचं होतं, टेपर शँकचं, म्हणजे बुडाचा दांडा निमुळता असलेलं. (ट्विस्ट ड्रिलचं पेटंट अमेरिकेत स्टीफन मोर्सने १८६३ साली घेतलं, मोर्स टेपर हे नाव त्याचंच. दुसऱ्याच वर्षी, १८६४ ला, विल्यम बार्बरने ब्रेसच्या चकचं (बिट पकडणाऱ्या जबड्याचं) पेटंट घेतलं. हातड्रिलच्या दोन मोठ्या गोष्टी पाठोपाठच्या वर्षांत आल्या हे मला फार आवडतं.) अंबडच्या एका टर्नरकडून अडॅप्टर करून घेतला, वरून चौकोनी बूड आणि खाली मोर्स टेपर नंबर २. या टेपरची एक गंमत आहे. शँकच्या टोकाची चपटी जीभ बिट काढायला असते, फिरवायचा जोर टेपरच्या घर्षणातून जातो, आणि घर्षण दाबातून येतं. म्हणजे जितका स्क्रू ताणाल तितकं बिट घट्ट. उलट दाब सोडला आणि बिट सुटलं तर ते थेट विहिरीत. म्हणून सुतळीने दांडा आणि अडॅप्टर दोन्ही फळीला बांधले आणि दोन रुळांच्या खाली पोतं ताणलं, चिपाही पाण्यात नकोत.

आता मुख्य गोष्ट, जी मला या कामातून पक्की कळली आणि जी सांगायला हे सगळं लिहितोय. अशा ड्रिलमध्ये फिरवणं सोपं असतं, दाब देणं अवघड असतं. १८ चं बिट, धार चांगली असेल आणि एका फेऱ्याला ०.२ मिमी आत जात असेल, तर ३५० मिमीच्या दांड्याला पाच-सहा किलोचा ओढा पुरतो. हे लहान पोरगंही करेल. पण त्याच वेळी बिटाला मागून ढकलायला लागणारा दाब शेकड्यात किलो असतो. माणूस टेकून किती देईल, तीस-चाळीस किलो. तेवढ्या दाबात १८ चं बिट रुळावर नुसतं घासत राहतं, पावडर पडते, धार जाते आणि आपण म्हणतो रूळ फार कडक आहे बुवा. रॅचेट डोळ्यात भरतं, आवाज करतं, म्हणून हत्याराला नाव त्याचं, पण काम स्क्रू करतो, आणि स्क्रूला मागे काहीतरी न हलणारं लागतं. अण्णांनी अंतर का विचारलं ते तेव्हा कळलं.

सगळ्यात मोठा भाग टेक्याचाच होता. शंकू नुसता समोरच्या रुळाच्या वेबवर टेकवला तर घसरतो, कारण दांडा एका बाजूनेच ओढला जातो. दोन्ही हातांनी सारखं फिरवायचं हत्यार असतं तर गोष्ट वेगळी, इथे दर ओढीला पूर्ण ड्रिल आपल्याकडे ओढली जाते आणि तो ओढा बिटाचं टोक आणि मागचा शंकू या दोघांनाच धरून ठेवावा लागतो. म्हणून १२ मिमीच्या पट्टीला खोल सेंटर पंच मारून त्यात शंकू बसवला, पट्टी समोरच्या रुळाला सी क्लॅम्पने आवळली, आणि उरलेली जागा चपट्या लोखंडी तुकड्यांनी भरली. लाकूड मधे घालू नका, लाकूड दबतं आणि स्क्रूचा ताण तिथेच जिरतो.

भाच्याच्या बॅटरीच्या ड्रिलने आधी ६ मिमीचं पायलट, म्हणजे वाट दाखवणारं लहान भोक, मारून घेतलं. बिटाच्या टोकाला मधोमध जी आडवी कड असते ती नीट कापत नाही, लोखंड नुसतं चेपून बाजूला सारते आणि दाबाचा मोठा हिस्सा तीच खाते. पायलट त्या कडेपेक्षा थोडं मोठं असलं की तिला काही कामच उरत नाही. धार ११८ अंशांचीच ठेवली, फक्त दोन्ही ओठ (कापणाऱ्या कडा) सारखे आहेत का ते गेजने बघून घेतलं, एक ओठ लांब असला की भोक मोठं होतं.

आणि मग ओढायला बसलो. सुरुवातीला बिट पूर्ण आत जाईपर्यंत डुगडुगतं, तेव्हा दांडा छोटा छोटा हलवायचा, एक-एक दात. ओठ पूर्ण बुडाले की लांब ओढ घ्यायची. प्रत्येक फेऱ्याला टोपी थोडीशी पुढे. दाब बरोबर असला की बिटाच्या खाचेतून जाड चिप वळत वळत कुरडईसारखी बाहेर येते, दांड्यात एकसारखा जडपणा जाणवतो, आणि आवाजही बदलतो, कुरकुर जाऊन एक भरीव खर्र येते. पावडर पडायला लागली की टोपी फिरवायची. हाताने मिनिटाला पंधराएक फेरे होतात, म्हणजे कापायचा वेग मिनिटाला एक मीटरही नाही, त्यामुळे बिट तापतच नाही, कटिंग ऑइल फक्त धारेला सरकायला. याच कारणाने जुनी साध्या कार्बन स्टीलची बिटंही या हत्यारात टिकायची.

मामा कठड्यावर बसून बघत होते. "थांबू नको ना मधे मधे," म्हणाले. मी म्हटलं, "मामा, थांबत नाहीये, स्क्रू ताणतोय." नंतर ते स्वतः दांड्यावर बसले आणि मी टोपी सांभाळली, दोघांनी मिळून काम फार छान होतं, एकाने ओढायचं आणि एकाने दाब बघायचा.

वेब १४ मिमीच्या आसपास जाड आहे, त्यामुळे शेवटचे दोन-तीन मिमी राहिले की सावध व्हायचं. बिटाचं टोक पलीकडे निघतं तेव्हा दाब एकदम कमी लागतो, पण ताणलेला स्क्रू, पट्टी, क्लॅम्प, सगळं स्प्रिंगसारखं दबलेलं असतं आणि ते बिटाला झटक्यात पुढे ढकलतं, ओठ कडेला चावतात आणि बिट अडकतं किंवा तुटतं. म्हणून पलीकडे फुगवटा दिसायला लागला की टोपी पाव फेरा मागे घेतली आणि अगदी छोट्या ओढींनी भोक पूर्ण केलं. मशीनच्या मानाने इथे एक मोठं सुख आहे, आपण थांबलो की सगळं थांबतं.

एका बाजूची भोकं झाली की ड्रिल उलटी करायची, आता पहिला रूळ टेका. पट्टी त्याच्यावर आवळली, फक्त नव्या भोकांपासून बाजूला सरकवून. भोकांच्या कडा दोन्हीकडून गोल कानशीने मोडल्या, रुळाच्या पोलादात धारदार कड ठेवली तर तडा तिथूनच सुरू होतो. अँगल बसले, बोल्ट स्प्रिंग वॉशरसकट आवळले, चॅनेल चढलं, आणि त्याच संध्याकाळी कुप्पी लावून मोटर वर घेतली. चॅनेल जागचं हललं नाही.

आता पुढचं काम गोठ्याच्या गर्डरचं आहे आणि तिथे समोर दुसरा रूळ नाही. त्यासाठी टेका स्वतः करावा लागणार, ५० बाय १२ च्या पट्टीचा सी आकाराचा स्टँड, खालचा पाय गर्डरला क्लॅम्पने आवळायचा आणि वरचा हात ड्रिलच्या डोक्यावर येणार. अण्णा म्हणतात उभा खांब गोल सळीचा ठेव, वरचा हात त्यावर फिरवता आणि वरखाली करता आला पाहिजे, म्हणजे एका आवळणीत दोन-तीन भोकं होतात. सळी निदान ३२ मिमीची घ्यायची असं ठरलंय, त्याहून बारीक घेतली तर ती वाकेल आणि स्क्रूचा अर्धा ताण तिथेच जाईल.