संबळ आला काय?

खानापूरच्या पश्चिमेला, जंगलाच्या कडेला आमचं गाव. कानडी कानावर पडायची ती बाजाराच्या दिवशी, तीही भाव करण्यापुरती. त्यामुळं बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत हिशेबाला लागलो, आणि पहिल्याच महिन्यात एका मोल्डरनं खिडकीतून डोकं आत घालून विचारलं, "संबळ आला काय हो?" तेव्हा मी भाबडेपणानं म्हणालो, "का? गोंधळ कुणाकडं हाय?"

तो क्षणभर बघत राहिला. मग म्हणाला, "गोंधळ तुमच्याच टेबलावर दिसूलालाय. पगार कवा, ते सांगा."

कानडीत संबळ म्हणजे पगार. संस्कृतातलं शंबल म्हणजे वाटखर्चाची शिदोरी, हे मला फार नंतर कळलं. शिदोरी हे नाव एकदम चोख आहे. एक तारखेला बांधून घ्यायची, दहा तारखेला फडकं झटकायचं. पण मला अजून आपलं गोंधळ्याचं वाद्यच जास्त पटतं. जोडीतलं एक भांडं लहान, चढ्या आवाजाचं. दुसरं मोठं, घुमणारं. लहान वाजतं ते पगार जमा झाल्याचं. मोठं घुमतं ते सोसायटीच्या हप्त्याचं. आणि दोन्हीकडं काठीचा मार चामड्यालाच.

बरं, 'पगार' तरी कुठं आपल्या घरचा? तो पोर्तुगिजांचा, गोव्याच्या बाजूनं आलेला. रजा अरबी. सरकारी शिक्क्यावर बेळगावचं बेळगावी झालं २०१४ च्या १ नोव्हेंबरला. बाहेर त्यावरून काय व्हायचं ते झालं. आमच्या ऑफिसात लेटरहेड नवं छापलं, संबळ होता तेवढाच राहिला.

आमचे मॅनेजर गोकाककडचे. माणूस मायाळू. दुपारी माझ्या टेबलाशी थांबून म्हणाले, "ऊटा आतेन्री?" मी ऐकलं, 'उठा, आत या.' उठलो, वही काखोटीला मारली आणि त्यांच्या मागोमाग केबिनमध्ये जाऊन उभा राहिलो. ते डबा उघडत होते. जेवण झालं का, एवढंच त्यांनी विचारलं होतं. माझा चेहरा बघून त्यांनी अर्धी भाकरी पुढं सरकवली. गैरसमजातून काही खायला मिळाल्याचा माझ्या नोकरीतला तो एकमेव प्रसंग.

माझ्या आतेभावाला तेवढंही मिळालं नाही. खडेबाजारात वरच्या मजल्यावरच्या एका दुकानाबाहेर कागद लावलेला: 'केलसा खाली इदे'. नोकरीची जागा रिकामी आहे, असा त्याचा अर्थ. हा अक्षरं जुळवत वाचायला शिकलेला. केलसा म्हणजे काम, एवढं ठाऊक. काम खाली आहे म्हणून जिना उतरून खाली गेला. खाली स्कूटर लावलेल्या. तासभर तिथं थांबून तो घरी आला आणि म्हणाला, "काम हाय म्हणत्यात, खरं कोण भेटत न्हाई." बेकारीवर याहून नेमकं बोललेलं मी ऐकलेलं नाही.

आणि 'नाळे बा'! उद्या ये. कर्नाटकात दारावर हे लिहून ठेवायची एक जुनी युक्ती सांगतात. रात्री भूत येतं, वाचतं, परत जातं. दुसऱ्या रात्री येतं, पुन्हा तेच वाचतं. एका दाखल्यासाठी मी एका कचेरीत पाच खेपा घातल्या. तिथं दारावर काही लिहिलेलं नव्हतं. त्यासाठी माणूस बसवलेला होता. तो 'नाळे बर्री' म्हणायचा, आदरार्थी. चौथ्या खेपेला लक्षात आलं, या गोष्टीतलं भूत मी आहे.

आता पगार बँकेत जातो. खिडकीत कुणी डोकं घालत नाही. पण तो मोल्डर अजून आहे, दोन वर्षं राहिलीत त्याची. परवा एक तारखेला मोबाइल हातात घेऊन गेटवर उभा दिसला. मीच विचारलं, "काय, वाजला काय संबळ?"

"वाजला की," तो म्हणाला, "खरं मोठंच भांडं पयलं वाजलं."