बँड, टेकडी आणि 'नो फॉल्ट फाउंड'

पुण्यात वेताळ टेकडीवरच्या जुन्या खाणीत पाणी असतं हे तिथे फिरायला जाणाऱ्या कुणालाही ठाऊक आहे. माझ्या मनगटावरच्या फिटनेस बँडच्या ॲपला मात्र नव्हतं. त्याच्या नकाशावर मी पायथ्यापासून थोडी वाट धरून चढायचे आणि मग एकदम एक सरळ रेघ, थेट खाणीच्या पाण्यावरून पलीकडे. खाली अंतर निम्मंच दाखवणार, आणि त्या अंतरावरून काढलेल्या कॅलरी त्याहून विनोदी. इकडे आपण घामाने निथळतोय.

बँड घेणं, ॲप टाकणं, उंची-वय भरणं यात सांगण्यासारखं काही नाही, लेकाने चहा होईस्तोवर करून दिलं. (वजन मात्र खरं भरा, तिथे लाजून चालत नाही, सगळा हिशोब त्याच्यावर आहे.) साखर बॉर्डरवर आलीय, रोज पाऊण तास भरभर चाला आणि खाण्याची नोंद ठेवा असं डॉक्टर म्हणाले, म्हणून ही भानगड.

खोक्यावर मोठ्या अक्षरात 'जीपीएस'. आतल्या घडीच्या कागदावर मुंगीएवढ्या अक्षरात 'कनेक्टेड जीपीएस'. म्हणजे बँडमध्ये जीपीएसची चिप नाहीच, तो फोनचा जीपीएस वापरतो, त्यामुळे फोन सोबत पाहिजे. ठीक आहे, फोन तसाही कमरेच्या पाऊचमध्ये असतोच. पण मध्येच फोनकडून ठिकाण कळणं बंद झालं की ॲप काय करतं, शेवटचा मिळालेला बिंदू आणि नंतरचा पहिला बिंदू सरळ रेघेने जोडून टाकतं. म्हणून मी पाण्यावरून.

आता कस्टमर केअर. चॅटवर दरवेळी नवीन माणूस, दरवेळी पहिल्यापासून. फोन रीस्टार्ट करा. केला. बँड अनपेअर करून परत पेअर करा. केला. फॅक्टरी रीसेट करा. तोही केला, त्यात आधीची सगळी नोंद पुसली गेली, ते रीसेट करायला सांगताना कुणी बोललं नाही. मग एकीने लिहिलं, 'मॅम, कृपया मोकळ्या आकाशाखाली वापरून पाहा.' बाई, मी टेकडीच्या माथ्यावर उभी राहून तुझ्याशी बोलतेय, याहून मोकळं आकाश पुण्यात कुठून आणू?

शेवटी सर्व्हिस सेंटर गाठलं. ते एका कॉम्प्लेक्सच्या बेसमेंटला. जीपीएसचा सिग्नल वीस हजार किलोमीटरवरच्या उपग्रहाकडून येतो आणि काँक्रीटच्या स्लॅबखाली तो जवळजवळ मिळतच नाही, मी अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते, मला ती जागा बघूनच हसू आलं. टोकन घेतलं, फॉर्म भरला. फॉर्मवर तक्रारीसाठी चार चौकटी: डिस्प्ले, बॅटरी, पट्टा, इतर. मी 'इतर'वर टिक करून शेजारी बारीक अक्षरात सगळं लिहिलं, काउंटरवरच्या मुलाने ते न वाचता कॉम्प्युटरमध्ये 'इतर' एवढंच टाकलं. मग आतून एक जण आला, बँड स्वतःच्या मनगटावर चढवला, पॅसेजमध्ये दोन येरझाऱ्या मारल्या आणि म्हणाला, "स्टेप्स तर पडतायत मॅडम." अरे बाबा, स्टेप्सची तक्रार केलीय कुणी! स्टेप्स बँडमधला सेन्सर हाताच्या हालचालीवरून मोजतो, त्याला जीपीएस लागतच नाही. हे त्याला समजावलं तर म्हणाला, हेड ऑफिसला पाठवावा लागेल. पाठवला. मग रोजचा एकच मेसेज, 'तुमचे उत्पादन तपासणीत आहे.' मी आपली तेवढे दिवस साध्या घड्याळावर वेळ बघून चालत होते आणि खरं सांगू, काही बिघडलं नाही.

परत आला तेव्हा जॉबशीटवर तीन शब्द, 'नो फॉल्ट फाउंड'. ती जॉबशीट फेकून देऊ नका, कितीही राग आला तरी, तिचा फोटो काढून ठेवा. पुढे तीच कामाला आली.

मग मी म्हटलं, तुम्हाला शोधता येत नाही ना, मीच शोधते. कॉलेजच्या ग्राउंडवर गेले, तिथला ट्रॅक चारशे मीटरचा, आतल्या लेनमधून एक फेरी म्हणजे बरोब्बर ४०० मीटर. पहिल्यांदा फोन हातात, स्क्रीन चालू ठेवून दहा फेऱ्या. ॲपने चार किलोमीटरच्या अगदी जवळचं अंतर दिलं, नकाशावर छान लंबगोल. मग त्याच दहा फेऱ्या फोन तसाच हातात, फक्त स्क्रीन बंद. सुरुवातीच्या दोन-तीन फेऱ्या नीट आणि मग लंबगोलातून आरपार गेलेली रेघ. परत केलं, परत तेच. एका वेळी एकच गोष्ट बदला हे मी वर्षानुवर्षं पोरांना प्रॅक्टिकलला सांगत आलेय. म्हणजे बँड ठीक, उपग्रह ठीक, स्क्रीन बंद झाली की थोड्या वेळाने फोनच ॲपचा गळा दाबतोय. स्क्रीनशॉटसकट हे सगळं कस्टमर केअरला पाठवलं. उत्तर: 'आपले ग्राउंड लहान असू शकते.' ही मेल मी स्टाफरूममध्ये सगळ्यांना वाचून दाखवली.

सर्व्हिस सेंटर म्हणे फोनच्या कंपनीशी बोला, फोनवाले म्हणे बँडच्या कंपनीशी बोला. तेव्हा १९१५ ला फोन लावला, ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन, केंद्र सरकारची, पैसे लागत नाहीत आणि मराठीतही बोलता येतं. बिल आणि ती जॉबशीट दिली. ते काही निकाल देत नाहीत, तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागवतात, पण कंपनीच्या आतली दारं उघडायला तेवढं पुरतं. (त्यानेही नाही झालं तर ग्राहक आयोग, २०१९ च्या कायद्याप्रमाणे आपण राहतो त्या जिल्ह्यात तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही. मला तिथवर जावं लागलं नाही.) मग कंपनीतल्या एका नीट बोलणाऱ्या माणसाचा फोन आला, ऐकून घेतलं आणि पाच मिनिटांत मार्गी लावलं. पाच मिनिटांत! हे पहिल्या दिवशीच्या चॅटवर सांगायला काय झालं होतं, याचं उत्तर त्याच्याकडेही नव्हतं.

तर करायचं ते असं. फोनच्या सेटिंग्जमध्ये ॲप्समध्ये जा, बँडचं ॲप उघडा, बॅटरीमध्ये 'नो रिस्ट्रिक्शन' किंवा 'अनरिस्ट्रिक्टेड' असेल ते निवडा. लोकेशनची परवानगी 'ॲप वापरताना' अशी असते, ती 'ऑल द टाइम' करा, 'प्रिसाइज लोकेशन' चालू. ऑटोस्टार्ट नावाचं बटण असेल तर तेही चालू. चालायला निघताना बॅटरी सेव्हर बंद. आणि निघण्याआधी मिनिटभर एका जागी थांबून जीपीएस मिळाल्याची खूण येऊ द्या, आपल्याला घाई असते आणि सुरुवातीचं अंतर तिथेच बोंबलतं.

आता वाट नीट येते, अंतर नीट येतं. कॅलरीचं म्हणाल तर तिथे हात आखडूनच विश्वास ठेवा. माझं वजन ६८ किलो. सपाटीवर ताशी पाच किलोमीटरने तासभर चाललं तर ढोबळ हिशोबाने २४० च्या आसपास कॅलरी. पण त्यातल्या ६८ मी तो तास सोफ्यावर बसून काढला असता तरी गेल्याच असत्या. उरल्या १७०. म्हणजे चार छोटे चमचे तेल. ॲपमध्ये 'टोटल' आणि 'ॲक्टिव्ह' असे दोन आकडे असतात, तो मोठा बघून खूश होऊ नका, ॲक्टिव्ह बघा. आमच्या ग्रुपमधल्या दोघी टोटल बघून टेकडीवरून उतरल्यावर मिसळ खातात आणि वजन हलत नाही म्हणून बँडला शिव्या देतात.

चढाचं वेगळंच. माझ्या बँडला उंची मोजायचा बॅरोमीटर नाही, त्यामुळे चढ चढले काय आणि डेक्कनच्या सपाट रस्त्यावर रमतगमत गेले काय, त्याला अंतर आणि ठोकेच दिसतात. गंमत म्हणून गणित केलं: ६८ किलो, दीडशे मीटर चढ, गुरुत्वाकर्षणाच्या ९.८ ने गुणलं की जवळजवळ एक लाख ज्यूल, म्हणजे २४ कॅलरी (खाण्यातली कॅलरी म्हणजे किलोकॅलरी). फक्त? पण आपलं शरीर घेतलेल्या ऊर्जेतला चौथा हिस्साच उचलायच्या कामी लावतं, बाकीची उष्णता होऊन जाते, म्हणून चौपट धरा, शंभरेक. एवढ्या चढाला एवढंच मिळतं हे कळल्यावर मला जरा वाईटच वाटलं. २०१७ मध्ये स्टॅनफर्डवाल्यांनी सात बँड-घड्याळं तपासली होती, त्यात सहांचे हृदयाचे ठोके पाच टक्क्यांच्या आत बरोबर होते पण कॅलरीत सगळ्यात चांगलं निघालेलंही सरासरी २७ टक्क्यांनी चुकलं होतं. म्हणून मी ॲपमधलं 'व्यायामाच्या कॅलरी जेवणात मिळवा' हे बटण बंदच ठेवलंय.

ठोक्यांवरून आठवलं, बँड बांगड्यांच्या हातात घालू नका. तो हलतो, खालचा हिरवा दिवा त्वचेवर नीट टेकत नाही आणि भरभर चालताना कधीकधी ठोक्यांऐवजी पावलांचाच वेग ठोके म्हणून दाखवतो. मला एकदा १६० दाखवत होता आणि मी आरामात गप्पा मारत होते. मनगटाच्या हाडाच्या बोटभर वर, घट्ट, दुसऱ्या हातात.

खाण्याच्या नोंदीतही मापाचा घोळ आहेच. ॲपची वाटी कुठली आणि आपली वाटी कुठली. मी स्वयंपाकाचा छोटा वजनकाटा आणला. भाकरीचं वजन करण्यात अर्थ नाही, पाणी किती घातलं त्यावर ते बदलतं, कोरडं पीठ मोजा. शंभर ग्रॅम ज्वारीचं पीठ म्हणजे ३३०-३५० कॅलरी, त्यात किती भाकऱ्या झाल्या तेवढ्याने भागा. तेल बुधलीतून थेट कढईत ओतायची सवय असेल तर निदान आठवडाभर चमच्याने मोजून घाला, घरातल्यांची तोंडं वाकडी होतील, होऊ द्या.

आणि हो, फोनचं मोठं अपडेट आलं की वरची सगळी सेटिंग्ज एकदा उघडून बघा. माझ्या फोनने गेल्या अपडेटनंतर बॅटरीचं ते गुपचूप पुन्हा जुन्यावर नेलं होतं. या वेळी मी चॅटवर गेलेच नाही.